रूलॉफ्सबाईंच्या संडासातलं कॅलेंडर

डेव्हेंटर गावातल्या आमच्या गल्लीत माणूस राहायला येतो एका दिवशी आणि गल्लीचा होतो तो रूलॉफ्सबाईंच्या संडासात. हसू नका. बाईंच्या संडासात, बसलं की बरोबर नजरेसमोर येईल असं एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर वार नाहीत, साल नाही, नुसते महिने आणि तारखा. एकदा टांगलं की जन्मभर तेच. त्यात ज्याचं नाव असेल त्याचा वाढदिवस बाई विसरत नाहीत, आणि बाई विसरल्या नाहीत म्हणजे गल्लीची विसरायची टाप नाही. सकाळच्या कॉफीच्या वेळेला सगळे त्याच्या घरी हजर. खुर्च्यांचा गोल करून बसायचं, त्याने दिलेला केक खायचा, त्याच्या घरातल्या एकूण एक माणसाचा हात हलवून 'तुमच्या नवऱ्याबद्दल अभिनंदन', 'तुमच्या सासूबद्दल अभिनंदन' असं म्हणायचं आणि जेवायच्या आत आपापल्या घरी जायचं. ज्याचं नाव कॅलेंडरवर नाही तो फक्त त्या घरात राहतो. बाकी काही नाही.

लॉवेल प्रूट सहा वर्षं असा नुसताच राहत होता.

मूळचा तो नेब्रास्काचा. तिकडे शाळेतल्या पोरांना बँड शिकवायचा. आडवातिडवा देह, पांढरी दाढी आणि सकाळी सातलासुद्धा कायम हसरं तोंड. त्याची बायको चित्स्के आमच्याच देशातली, पण उत्तरेच्या फ्रीसलंडची, म्हणजे गल्लीच्या हिशेबाने तीही जराशी परकीच. ती तरुणपणी अमेरिकेत व्यायामोपचार शिकायला गेली, तिथे हा भेटला आणि वीस-बावीस वर्षं तिथेच अडकली. मग एके दिवशी म्हणाली, "मी तुझ्या देशात खूप राहिले. आता तू माझ्या देशात राहा." लॉवेलने वाद घातला नाही. दोन मांजरं पिंजऱ्यात घातली आणि निघाला.

मांजरं सांगायला हवीत, कारण या घरात खरी वट त्यांचीच. एक डॉली. ती येणाऱ्याजाणाऱ्याला बघून कपाटाखाली जाते आणि कॉफीचे कप विसळून होईपर्यंत बाहेर येत नाही. दुसरा सेनेटर. नारिंगी बोका, वजनाने पोत्यासारखा. दिवसभर एका जागी बसून असतो, काडीचं काम करत नाही आणि तरी सगळे त्याला मान देतात, म्हणून लॉवेलनेच हे नाव ठेवलं होतं.

आल्या आल्या लॉवेलने पुढच्या खोलीच्या मोठ्या काचेला जाड पडदे लावले आणि ते दिवसाढवळ्या ओढून घेतले. आमच्याकडे दिवसा पडदा ओढला की माणसाला दोनच शंका येतात, आणि दुसरी पोलिसांत जाण्यासारखी असते. तिसऱ्या दिवशी रूलॉफ्सबाईंनी बेल वाजवली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोण? कुठे? चित्स्के कामाला गेलीय," लॉवेल हसत म्हणाला. "या ना! मी लॉवेल! तुम्ही?"

"रूलॉफ्स," बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या. त्यानंतर सहा वर्षं त्या त्याला 'मिस्टर प्रूट' म्हणत होत्या.

पडद्यांचा निकाल शेवटी सेनेटरनेच लावला. पंधरा दिवसांत नख्यांनी ओरबाडून त्यांची लक्तरं केली आणि स्वतः काचेशी, खिडकीच्या कठड्यावर ठाण मांडलं. झालं! घर उघडं पडलं आणि गल्लीचा जीव भांड्यात पडला. जाणारायेणारा सायकलवरून सेनेटरला हात करायला लागला. रूलॉफ्सबाईंचा नवरा बर्टुस, हा जुना सुतार आणि मोजकं बोलणारा माणूस, तो पाव आणायला निघाला की खिडकीशी थांबून "काय राव, बसलात का?" असं विचारायचा. ते सेनेटरला. मागे उभा राहून लॉवेल जोरजोरात हात हलवायचा, तेव्हा बर्टुस नुसती मान डोलवायचा.

दर रविवारी लॉवेल इंटरनेटवर 'कालव्याकाठचे विचार' या नावाने लिहायचा. कालवा त्याच्या घरापासून चांगलाच लांब आहे, पण नेब्रास्कात बसून ते कोण मोजणार? वाचणारी म्हणजे त्याची बहीण व्हर्ना आणि तिच्या चर्चमधल्या बायका. आम्ही कसे आहोत ते हा त्यांना समजावून सांगायचा. 'इथली माणसं मनाने चांगली पण गार आहेत.' 'इथे पाहुण्याला एकच बिस्कीट देतात आणि डब्याचं झाकण लावतात.' हे खरं आहे, पण गावभर सांगायची काय गरज? आणि दर नोव्हेंबरात एक लेख ठरलेला: 'परदेशातला एकटा वाढदिवस.' व्हर्ना खाली लिहायची, 'बिच्चारा भाऊ माझा!' आणि चर्चमधल्या बायका रडक्या चेहऱ्यांची रांग लावायच्या.

कारण दरवर्षी नोव्हेंबरात लॉवेल त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी विंचरून, पुढच्या खोलीत बसायचा. आणि कुणीही यायचं नाही. बर्टुस पाव घेऊन जायचा. कोपऱ्यावरची आल्चे, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते ती, सेनेटरला हात करून जायची. लॉवेल दिवसभर शर्ट चुरगळू न देता बसायचा आणि संध्याकाळी चित्स्के आली की म्हणायचा, "कुणी आलं नाही."

"बोलावलं होतंस कुणाला?"

"बोलवायचं कशाला?"

"मग येतील कशाला?" असं म्हणून चित्स्के बटाटे सोलायला बसायची. पहिल्या वर्षी तिने नीट समजावलं होतं की इथे ज्याचा वाढदिवस त्याने सांगायचं, त्यानेच केक आणायचा. पण पालथ्या घड्यावर पाणी. लॉवेलचं म्हणणं, "स्वतःच्या वाढदिवसाचं आमंत्रण स्वतः देत फिरायचं? ही तर भीक झाली!" तिने दुसऱ्या वर्षी एकदा सांगितलं, आणि तिसऱ्या वर्षी सोडून दिलं. फ्रीसलंडची माणसं एक गोष्ट तीनदा सांगत नाहीत.

बरं, तो दुसऱ्यांच्या वाढदिवसांना जायचा नाही असंही नाही. चित्स्केचा नवरा म्हणून सगळीकडे हजर. रूलॉफ्सबाईंच्या घरी गेला की केकचा पहिला घास खाऊन हा हळूच संडासात. आत जाऊन करायचा काय, तर नोव्हेंबरचं पान उलटून बघायचा. तिथे त्याच्या तारखेला दरवर्षी कोरं. चित्स्केचं नाव तर पहिल्याच वर्षी लागलं होतं. मग नळ सोडून, उगाच हात धुऊन हा परत यायचा आणि हसरं तोंड करून बसायचा.

आता सहाव्या वर्षीच्या मे महिन्यातलं सांगतो. सेनेटर दहा वर्षांचा झाला. लॉवेलला काय वाटलं कोण जाणे, त्याने बोक्याचा वाढदिवस करायचा ठरवला. स्वतःसाठी तोंड उघडायला ज्याची जीभ अडत होती, त्याने मांजरासाठी घरोघरच्या दारातून रंगीत चिठ्ठ्या टाकल्या! वर सेनेटरचा फोटो, डोक्यावर कागदी टोपी. गल्लीत चर्चा झाली.

"मांजराचा?" आल्चेने विचारलं.

"मांजराचा," बर्टुस म्हणाला.

"केक आहे का?"

"लिहिलंय तसं."

"मग जायला हवं," रूलॉफ्सबाईंनी निकाल दिला.

सगळे गेले. खुर्च्यांचा गोल झाला. लॉवेलने अमेरिकन पद्धतीचा केक केला होता, अर्ध्या टेबलाएवढा सपाट. वर निळी साखरेची साय, मध्ये नारिंगी मांजराचं तोंड आणि भलामोठा 'सेनेटर'. लोकांनी रीतसर लॉवेलचा हात हलवला, "तुमच्या मांजराबद्दल अभिनंदन." चित्स्केचा हलवला. आल्चे तर कपाटाखाली वाकून डॉलीलाही म्हणाली. प्रत्येकाने एक तुकडा खाल्ला.

"घ्या ना! अजून घ्या! एवढा आहे!" लॉवेल परात घेऊन गोलात फिरत होता.

"नको, झालं," प्रत्येकाने सांगितलं. आमच्याकडे एकदा झालं म्हणजे झालं. केक जवळजवळ सगळा उरला. लॉवेल तो टाकायला निघाला तेव्हा चित्स्केने त्याच्या हातातून परात ओढून घेतली. "केक टाकतात का कुणी? वेडा आहेस?" तिने त्याचे दोन मोठे चौकोन केले, गुंडाळले आणि फ्रीझरमध्ये तळाशी, वाटाण्याच्या पिशव्यांखाली घालून ठेवले. आणि सगळ्यांना त्याचा विसर पडला.

सप्टेंबरात बर्टुसचा वाढदिवस आला. लॉवेलने केकचा पहिला घास घेतला आणि उठला. आत जाऊन कडी लावली, नोव्हेंबर उघडला. कोरा. सवयच होती. पण त्या दिवशी त्याला काय सुचलं, तो मागची पानं चाळायला लागला. ऑगस्ट, जुलै, जून, मे. आणि मे महिन्यात रूलॉफ्सबाईंच्या बारीक उभ्या अक्षरात, निळ्या शाईत, जन्मसालासकट लिहिलेलं होतं: सेनेटर.

लॉवेल इतका वेळ आत बसला की बाहेर दोनदा टकटक झाली.

घरी आल्यावर त्याने कोटसुद्धा काढला नाही. "मांजराचं नाव आहे, चित्स्के! मांजराचं!"

"मग? त्याने केक दिला."

"केक मी दिला!"

"त्याच्या नावाने दिलास ना? मग नाव त्याचंच लागणार."

"सहा वर्षं मी त्यांच्या घरी जातोय. त्यांच्या दाराचा बर्फ काढलाय मी! आणि तो... तो..." त्याने कठड्याकडे बोट दाखवलं. सेनेटर एक पाय वर करून स्वतःला चाटत होता. "तो खिडकीतून खाली उतरत नाही!"

"अरे, मग तूही केक दे की. नोव्हेंबर येतोयच."

"आमच्याकडे माणसाला पत्ता लागू देत नाहीत," लॉवेल म्हणाला. "दिवे घालवतात, सोफ्यामागे लपतात. ज्याचा वाढदिवस त्याने फक्त दचकायचं असतं. कुणाच्या तरी मनात आपण आहोत, हे आपलं आपल्याला कळायला नको का? मीच सांगितलं तर त्यात काय राहिलं?"

चित्स्केने त्याच्याकडे बघितलं. तिला दया आली, पण तिच्याकडे दया बोलण्यातून निघत नाही. "इथे सोफ्यामागे लपलास ना," ती म्हणाली, "तर लपलेलाच राहशील."

खरं तर इथे लॉवेलने शहाणं व्हायचं. पण माणसाचं डोकं एकदा फिरलं की सरळ रस्ता सोडून बाकी सगळे दिसतात. ऑक्टोबरात एका सकाळी तो रूलॉफ्सबाईंकडे शिडी मागायला गेला. दारात शिडी मिळाली, तसा म्हणाला, "जरा संडास वापरू का?"

बाईंनी समोरच त्याचं घर आहे त्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "वापरा," त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्याने खिशातून पेन काढलं. बाईंचं अक्षर काढायचा त्याचा बेत होता, उभं आणि बारीक. पण चोराच्या मनात चांदणं. घाईघाईत त्याने आपल्याच अक्षरात लिहून टाकलं, ठळक आणि मोठं: 'लॉवेल!' पुढे उद्गारचिन्ह. अहो, ते कॅलेंडर बाईंच्या सासूबाईंपासूनचं. त्यावर दोन लग्नांतून आलेली जावयांची नावं आहेत, कोण जन्मलं, कोण मेलं सगळं आहे, पण उद्गारचिन्ह त्यावर आजवर कुणी काढलेलं नव्हतं.

तो शिडी घेऊन घरी आला. शिडीचं काही काम नव्हतं. तरी दुपारभर ती भिंतीला लावून तो वर उभा राहिला.

नोव्हेंबरातला तो दिवस मंगळवार होता. सकाळी कामाला निघताना चित्स्केने त्याच्या गालाचा मुका घेतला, हातात एक स्वेटर दिला. "केक आणू का येताना?"

"नको."

"कुणाला सांगितलंयस?"

"कुणाला म्हणजे कुणालाच नाही," लॉवेल म्हणाला, आणि हे शंभर टक्के खरं होतं. चित्स्के खांदे उडवून सायकलवर बसली.

आता त्याची गंमत बघा. गल्ली येणार हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक आहे हे कुणाला कळता कामा नये. घरात केक तयार असलेला माणूस दचकला असं कोण म्हणेल? म्हणून त्याने मुद्दाम केक आणला नाही. बिस्किटांचा डबासुद्धा वर फडताळात लपवला. शर्टाला इस्त्री केली. मग आरशासमोर उभा राहून दचकायचा सराव केला. एकदा भुवया वर, एकदा हात छातीवर. सेनेटर कठड्यावरून बघत होता.

कॉफीच्या वेळेला बेल वाजली. लॉवेलने दहापर्यंत मोजलं आणि दार उघडलं. समोर रूलॉफ्सबाई, हातात फुलं. मागे बर्टुस, फुलझाडांच्या कंदांची पिशवी घेऊन. त्याच्यामागे आल्चे, तिच्या खांद्याला मोठी थोरली पिशवी. तिच्यामागे गल्ली.

"ओह!" लॉवेल ओरडला आणि छातीवर हात ठेवला. "ओह! अरे देवा! तुम्ही? मला तर स्वप्नातही..."

"अभिनंदन, मिस्टर प्रूट," रूलॉफ्सबाई म्हणाल्या आणि पायपुसण्याला पाय पुसून आत गेल्या.

हात हलवण्याचा कार्यक्रम झाला. मग पंचाईत आली. रीत अशी की घरच्यांचंही अभिनंदन करायचं, आणि चित्स्के तर कामावर. डॉली कपाटाखाली. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, सरळ खिडकीशी गेल्या, सेनेटरचा पुढचा पाय हातात घेतला आणि गंभीरपणे हलवला. "लॉवेलबद्दल अभिनंदन," त्या बोक्याला म्हणाल्या. त्यांच्यामागे रांग लागली. बर्टुस म्हणाला, "काय राव, अभिनंदन." आल्चेने हाताला वंगण होतं म्हणून कोपर पुढे केलं. सेनेटरने सगळ्यांकडून मान स्वीकारला. सहा वर्षांत पहिल्यांदा लॉवेलबद्दल कुणाचं तरी अभिनंदन होत होतं, मग ते बोक्याचं का असेना.

खुर्च्यांचा गोल झाला. लॉवेलने कॉफी दिली. सगळे बसले.

आणि बसून राहिले.

लॉवेल आल्चेच्या पिशवीकडे बघत होता. केक त्यातच असणार, पिशवीचा आकारच सांगत होता. गल्ली स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. कुणीतरी चमचा कपात फिरवला. बर्टुस खाकरला. लॉवेल हसला. सगळे हसले. आल्चेने पिशवीत हात घातला तशा लॉवेलच्या भुवया सरावाप्रमाणे वर गेल्या; तिने रुमाल काढून नाक पुसलं. भुवया तशाच वर राहिल्या. कॉफी गार व्हायला लागली, आणि आमच्याकडे केकशिवाय कॉफी कुणी संपवत नाही, म्हणून कप भरलेलेच.

शेवटी रूलॉफ्सबाईंनी कप खाली ठेवला. "मिस्टर प्रूट, केक?"

"हो, हो!" लॉवेल टाळी वाजवून म्हणाला. "कुठे आहे?"

"कुठे आहे म्हणजे?"

"तुम्ही... तुम्ही नाही आणलात?"

"आम्ही?" बाई म्हणाल्या. "वाढदिवस कुणाचा आहे?"

लॉवेलच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्याने आल्चेकडे पाहिलं. आल्चेने पिशवी उघडून दाखवली. आत सायकलची ट्यूब होती. तो उठला, "एक मिनिट," म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. फडताळातला बिस्किटांचा डबा काढला; आत दोन. माणसं आठ. दुकानात जावं तर जाणार पुढच्याच दारातून, सगळ्यांच्या देखत. त्याने ओट्याला डोकं टेकलं. रडावंसं वाटत होतं, आणि साठीच्या माणसाला आपल्याच वाढदिवसाला ओट्याशी रडताना बघायला तिकडून कुणी येईल याची भीतीही वाटत होती. मग त्याने उगाच काहीतरी उघडायचं म्हणून फ्रीझर उघडला. वाटाण्याच्या पिशव्या बाजूला केल्या.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात परात होती. परातीत निळ्या सायीचा चौकोन, वर बर्फाची भुरभुर आणि मधोमध नाव: सेनेटर.

लॉवेलने सुरी लावली. सुरी घसरली. पाव कापायची मोठी सुरी आणली, तिचा दाता मोडला.

"दगड झालाय," आल्चेने पाहणी करून सांगितलं.

बर्टुस उठला. काही न बोलता घरी गेला आणि करवत घेऊन आला. चांगली, दातांना तेल लावलेली. आल्चेने तेल पुसलं, लॉवेलने केक दोन हातांनी धरला आणि बर्टुसने तो कापायला घेतला. 'सेनेटर'चे सरळ रेघेत तुकडे पडले, भुसा निळा. प्रत्येकाला एक तुकडा मिळाला. कॉफी पुन्हा गरम करून आली आणि लोकांनी तुकडा तीत बुडवून चोखला. बर्टुस म्हणाला, "चव आहे."

रूलॉफ्सबाईंनी आपला तुकडा पूर्ण संपवला, बशी गुडघ्यावरून काढली आणि मग बोलल्या. "मिस्टर प्रूट, माझ्या कॅलेंडरवर माझ्याशिवाय कुणी लिहीत नाही."

लॉवेल लाल झाला. "तुम्हाला कळलं?"

"उद्गारचिन्ह!" बाई म्हणाल्या. "मी दर शनिवारी तो संडास घासते. मला वाटलं डास मारलाय."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"म्हटलं, बघू तरी. या घरातून केक निघतो का ते." आणि मग बाईंचा आवाज एकदम बदलला, खरोखर चिडल्या. "सहा वर्षं, अहो! सहा वर्षं तुम्ही आमच्याकडे केक खाताय. तुमची तारीख आम्हाला चित्स्केकडून ठाऊक, आणि तो दिवस आला की सदरा घालून खिडकीत एकटे बसता, दार उघडून कुणाला बोलावत नाही. सगळी गल्ली बघत असते. आम्ही काय समजायचं? मी बर्टुसला म्हणायची, या माणसाला आपण नकोय. मांजराला चालतो, पण याला नकोय!"

"मला वाटलं मीच तुम्हाला नकोय," लॉवेल म्हणाला. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलंच, दाढीत गेलं. "मी वाट बघायचो. दरवर्षी. दिवसभर."

"आम्हीही," बर्टुस म्हणाला. त्याने त्या महिन्यात उच्चारलेलं ते बहुधा सर्वांत लांब मनोगत असावं.

मग आल्चे म्हणाली, "अजून एक चौकोन आहे का आत?" आणि सगळी गल्ली तिच्याकडे वळली, कारण दुसरा तुकडा मागितलेला कुणी ऐकलाच नव्हता. लॉवेलने दुसरा चौकोन आणला. बर्टुसने करवत उचलली. त्या दिवशी लोक जेवायची वेळ टळल्यावर उठले. संध्याकाळी चित्स्के आली, तिने खुर्च्यांचा गोल, मोडकी सुरी आणि सगळीकडे सांडलेला निळा भुसा पाहिला. "बोलावलंस?" तिने विचारलं. लॉवेल म्हणाला, "तसंच काहीसं." त्या रविवारी कालव्याकाठचे विचार आले नाहीत. व्हर्नाने काळजीने फोन केला.

जानेवारीत रूलॉफ्सबाईंचा स्वतःचा वाढदिवस. लॉवेलने जाताना फुलं नेली, सगळ्यांचे हात हलवले, केकचा पहिला घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली. चित्स्केने त्याच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

आत जाऊन त्याने कडी लावली. कॅलेंडर तिथेच होतं. त्याने पानं उलटली, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. त्याचं ठळक अक्षर तिथे नव्हतं; बाईंनी ते पांढरं लावून उद्गारचिन्हासकट पुसलं होतं, आणि वाळलेल्या पांढऱ्यावर, निळ्या शाईत, बारीक उभ्या अक्षरात दुसरं काहीतरी लिहिलं होतं. त्याने चष्मा वर केला आणि वाचलं. मग झाकणावर बसून पुन्हा वाचलं.

बाहेरून टकटक झाली. आल्चे होती. "किती वेळ? आत कोण आहे?"

"मी," लॉवेलने नाक पुसत उत्तर दिलं.

"मी कोण?"

त्याने एकदा कॅलेंडरकडे बघून खात्री करून घेतली.

"सेनेटरचा लॉवेल," तो म्हणाला.

"मग सावकाश होऊ दे," आल्चे म्हणाली.